सगळ्या आया आधी कांदा चिरतात

बाईंनी जन्मभर युरोपातली एक भाषा शिकवली, आणि युरोप काही पाहिला नाही. गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण त्यांच्या तोंडावर ती कुणी काढत नसे. काढलीच तर त्यांचा धाकटा भाऊ काढे, तीही जेवताना, भात कालवता कालवता. "ताई, तू म्हणजे पोहायला शिकवायचं आणि स्वतः पायसुद्धा ओला करायचा नाही!" त्यावर वहिनी नवऱ्याला डोळ्यांनी दटावत आणि बाईंच्या ताटात काहीतरी जास्तीचं वाढत. बाई हसून सोडून देत. मनाला लागायचं ते लागायचंच.

त्या ही भाषा शिकल्या त्याही मोठ्या मजेशीर रीतीने. तरुणपणी त्या यंत्रांच्या एका कारखान्यात टंकलेखिका होत्या. यंत्रं तिकडून यायची, सोबत जाडजूड माहितीपुस्तकं यायची, आणि ती वाचणारा एकच गृहस्थ होता, तो सारखा आजारी पडायचा. तेव्हा बाईंनी शब्दकोश घेऊन स्वतःच खिंड लढवली. त्यामुळे 'सुप्रभात' कसं म्हणायचं हे कळण्याआधी त्यांना 'झडप', 'वंगण' आणि 'काळजीपूर्वक घट्ट आवळा' हे सगळं येत होतं. पुढे कारखाना बंद पडला, आई अंथरुणाला खिळली, लग्नाचं वय न सांगताच निघून गेलं, आणि बाईंनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची लांबट खोली भाड्याने घेऊन वर्ग सुरू केला.

खालून हवा भरायच्या पंपाचा फुसफुसाट आणि वरून "मी जातो, तू जातोस, ती जाते" असा सूर. दोघांची अशी गट्टी जमली की दुकान बंद असलं की वर्गाचा ताल चुके. येणारी मंडळी सगळी निघायच्या तयारीतली. परिचारिका, हॉटेलात कामाला जाणारे, ट्रक चालवायला जाणारे, नवऱ्यामागून जाणाऱ्या नव्या नवऱ्या. वर्गाचा नियम एकच होता. चपला आणि आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवायची, जाताना दोन्ही घालायच्या. आत तहान लागली तरी तिकडच्या भाषेत, पोटात दुखलं तरी तिकडच्याच भाषेत. एका मुलाला 'मोरी' हा शब्द आठवेना म्हणून तो तास संपेपर्यंत कळ दाबून बसला होता, अशी एक दंतकथा वर्गात चालत आलेली आहे. बाई ती नाकारत नाहीत.

आणि प्रत्येक वर्गात एक धडा हमखास असायचा. 'माझी आई स्वयंपाक करते.' घरी जाऊन आईला विचारायचं, तुझ्या हातचं मला सगळ्यात आवडतं ते तू कसं करतेस, आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून तिकडच्या भाषेत सांगायचं. कल्पना छान होती. अडचण एवढीच की पुस्तकात चित्रांचं एकच पान होतं. कांदा, बटाटा, कोबी, लिंबू, लोणी, साखर, मीठ, अंडं आणि एक लालभडक सफरचंद. पोरं त्यातच भागवायची. त्यामुळे बाईंच्या वर्गात जगातल्या झाडून सगळ्या पालेभाज्यांची कोबी झाली, आंबट म्हणून जे जे असेल त्याचं लिंबू झालं, आणि जे काहीच होईना त्याचा बटाटा झाला. बाईही हरकत घेत नसत. वाक्य बरोबर आहे ना, मग आईने काय शिजवायचं ते शिजवू दे.

अशा किती आया बाईंनी ऐकल्या असतील त्याला सुमार नाही. खाल्लं मात्र त्यांनी त्यातलं एकाही आईच्या हातचं नाही. ऐकता ऐकता तोंडाला पाणी सुटायचं, आणि घरी जाऊन वहिनी वाढतील ते मुकाट जेवायचं. स्वतः बाईंना स्वयंपाकाचं अंग बेताचंच. ताईंनी पाणी तापवलं तरी खाली लागतं, असं वहिनी लाडाने म्हणत.

घुमी याच वर्गातली. हे नाव तिला वर्गानेच ठेवलं, कारण पहिले कित्येक दिवस तिने तोंडच उघडलं नव्हतं. एकोणीस वर्षांची, एकुलती एक, वडील अबोल, आणि आई अशी की मुलीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. "तू अभ्यास कर, तुला जायचंय." घुमीने वर्गात पहिल्यांदा सलग काही सांगितलं ते आईच्या आंबट कालवणाबद्दल. त्या दिवशी खालचा पंपसुद्धा गप्प होता. सांगून झाल्यावर ती खाली बसली, आणि बाई म्हणाल्या, "बरोबर." बाईंच्या तोंडून 'बरोबर' मिळणं म्हणजे काय ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच विचारा. पुढे घुमी गेली, तिकडच्या एका वृद्धाश्रमात लागली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फोन करत राहिली. फोनवरही तो दारातला नियम कुणी मोडत नसे. बाईंशी आपल्या भाषेत बोलायला तिकडे गेलेल्या मोठमोठ्या माणसांची जीभ रेटत नसे.

घुमीचा तो फोन दुपारी आला. बाई घेवडा मोडत बसल्या होत्या. "बाई," घुमी तिकडच्या भाषेत म्हणाली, "माझी आई परवा वारली."

वाक्य स्वच्छ होतं. क्रियापद जिथल्या तिथे, काळ नेमका, उच्चार तर असा की ऐकत राहावं. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर."

मग घुमी हळूच म्हणाली, "आभारी आहे." तेही तिकडच्या भाषेत, अगदी नीट.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते बाईंना त्या दुपारी कळलं. त्यांनी काहीबाही सांत्वन केलं, पण सांत्वनाचा धडा पुस्तकात फार पुढे होता आणि तिथवर वर्ग कधी पोचतच नसे. फोन ठेवल्यावर त्या घेवड्याकडे बघत बसल्या. वहिनींनी विचारलं, "काय झालं ताई?" तर सांगवेना. चुलीत घाला ती भाषा आणि चुलीत घाला तिचं ते क्रियापद, असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं.

म्हणूनच पुढचा फोन आला तेव्हा बाई आधीच देणं लागत असल्यासारख्या झाल्या होत्या. घुमीने सांगितलं की ती घरी जाऊ शकली नाही. रजा मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. वडिलांना, अण्णांना, काही विचारावं तर ते फोनवर नुसता श्वास घेतात. "बाई, एक विचारू? आईचं ते कालवण मला करायचंय. मला येत नाही. मी आईला आयुष्यात एकदाच विचारलं, तुमच्या गृहपाठासाठी. मी विसरले. पण मी वर्गात सांगितलं होतं. तुम्हाला आठवतं ना?"

"न आठवायला काय झालं!" बाई म्हणाल्या. "शब्दन् शब्द आठवतो."

"मग या ना. इथे येऊन मला करून दाखवा. तिकीट मी पाठवते."

झालं, बाई अडकल्या. कारण त्यांना त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच. माझी आई कांदा घेते. माझी आई कांदा चिरते. आणि हे तर सगळ्यांचंच होतं. शब्द तेवढेच, चित्रं तेवढीच, त्यामुळे इतक्या वर्षांच्या सगळ्या आया बाईंच्या डोक्यात एकमेकींत मिसळून त्यांची एकच आई झाली होती, आणि ती बापडी सदान्कदा कांदा चिरत उभी असायची. खरं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण 'बरोबर' म्हणून झाल्यावर आता 'आठवत नाही' म्हणायचं, हे बाईंच्याने होईना. आणि खोटं कशाला बोला, युरोपही होता ना त्यात. जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं, आता कुणीतरी हात धरून नेतंय म्हटल्यावर म्हातारपणीही मन हुरळतंच. भाऊ म्हणाला, "या वयात?" वहिनी म्हणाल्या, "मग कोणत्या?" आणि कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढल्या.

बाई पोचल्या. विमानतळावरून गाडीने मोठ्या स्टेशनात, तिथे घुमी घ्यायला येणार होती, तिला थोडा उशीर झाला. बाई बॅगेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चहूकडून तीच भाषा, फळ्यावर नाही, गाइड घेऊन पाठ केलेली नाही, माणसं ती सहज वापरत होती. एक आई पोराला "नीट चाल" म्हणून रागावत होती, अगदी आज्ञार्थाच्या धड्यातल्यासारखं. त्यांना वाटलं, आपणही काही बोलावं, कुणीतरी उत्तर द्यावं. फुलं विकणाऱ्या एका माणसापाशी जाऊन त्यांनी वर्गात हजारदा विचारलेला प्रश्न विचारला.

"क्षमा करा, स्टेशन कुठे आहे?"

त्याने वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही स्टेशनातच आहात."

आणि बाईंना ते कळलं! शब्दन् शब्द कळला! त्यांनी त्याचे इतके आभार मानले की तो बिचारा घाबरला. तेवढ्यात घुमी आली. बाई तिला ओळखूच शकल्या नाहीत. केस आखूड, चाल भराभर, तोंडात तिकडची भाषा पाण्यासारखी वाहती. तिने बाईंना मिठी मारली, प्रवास कसा झाला ते विचारलं, सगळं तिकडच्याच भाषेत. घरीही तेच. छताला उतार असलेली वरच्या मजल्यावरची एकच खोली, कोपऱ्यात ओटा, खिडकीत कुंडी. "चहा घेणार?" तिकडच्या भाषेत. "थंडी वाजते का?" तिकडच्या भाषेत. बाईंना वाटलं, आता बोलेल, रात्री बोलेल. पण घुमीने दाराबाहेर काढलेली भाषा बाहेरच राहिली. नियम बाईंचाच, मग तो त्यांनी कुठल्या तोंडाने मोडावा?

तो आठवडा बाई एकट्याच हिंडल्या. पूल पाहिले, नदी पाहिली, दुकानांच्या काचांतले पाव पाहिले. काही विचारलं की माणसं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून इंग्रजीत उत्तर देत, तेव्हा फार वाईट वाटे. अगं, मी तुझ्याच भाषेत विचारतेय ना, असं म्हणावंसं वाटे. एक दिवस घुमी त्यांना वृद्धाश्रमात घेऊन गेली. तिथे ती एका आजीला भरवत होती, गमती करत होती, आजी हसत होती. वर्गातली घुमी आणि ही, दोघींची सांगड बाईंना घालता येईना. तिथल्या एका सहकारी बाईने बाजूला घेऊन बाईंना सांगितलं, "तिची आई गेली ते तिने आम्हाला कामाची वेळ बदलायची असते ना, तसं सांगितलं. रडली नाही. आम्हाला काळजी वाटते." बाईंनी मान हलवली. हे कुणी शिकवलं तिला असं सांगायला? आपणच.

रविवार कालवणाचा ठरला होता. शनिवारी बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी घुमीने ओट्यावर मांडामांड केली. कांदे, डाळ, तेल, मीठ. "आणखी काय लागेल ते तुम्ही सांगा, पुलाखालच्या दुकानात आपल्याकडचं सगळं मिळतं," असं म्हणून ती ओट्यापासून दोन हात लांब जाऊन उभी राहिली. एखाद्या अदृश्य उंबऱ्याबाहेर राहावं तशी. "करा, बाई."

बाईंनी कांदा घेतला. बाईंनी कांदा चिरला. जितका सावकाश चिरता येईल तितका चिरला, मग आणखी बारीक केला. शेवटी कांदा संपला आणि त्याबरोबर बाईंचं भांडवलही संपलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं की कशाचं ते विचारायचं कारण नाही. बाईंनी देवावर हवाला ठेवला आणि वर्गातल्या ठाम आवाजात, तिकडच्या भाषेत म्हणाल्या, "आता तुझी आई कोबी घेते."

"कोबी?" घुमीने विचारलं.

"कोबी. बारीक चिरते."

"कोबी नाही हो, बाई!" घुमी ओरडली. आपल्या भाषेत. आठवडाभरात पहिल्यांदा. "कोबी कुठून येणार? आमच्या घरात कोबी कधी शिजलीच नाही, अण्णांना तो वास खपत नाही! मेथी हो, मेथी!"

"वर्गात तू कोबी म्हणाली होतीस," बाई चाचरत म्हणाल्या. त्याही आपल्या भाषेत आल्या होत्या, त्यांना पत्ताही नव्हता.

"पुस्तकात मेथी होती का? मग काय म्हणणार मी?"

"आणि मग ते... लिंबू पिळते?"

"चिंच! चिंचेचा कोळ! गाळणी-बिळणी नाही, हातानेच. बिया बोटांनी काढायची आणि मला खेळायला द्यायची. लिंबू काय!"

"मग बटाटा?"

"पीठ! भाजलेलं पीठ, दाटपणाला. एकदम नाही टाकायचं, भुरभुरायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आईचा त्यावरून केवढा आरडाओरडा असायचा!"

आता मात्र बाईंच्या लक्षात आलं की आपलं अज्ञान फुकट गेलेलं नाही. त्यांनी मुद्दाम म्हटलं, "आणि वरून साखर."

"साखर?" घुमीने कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही घरी स्वयंपाक करता तरी का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. सुरी खाली ठेवली. "वहिनी करते. आणि मला काहीसुद्धा आठवत नव्हतं, पोरी. मी थाप मारली. सगळ्यांच्या आया आधी कांदा चिरतात, तेवढंच आठवतं मला."

घुमी रागावेल असं बाईंना वाटलं, आणि रागावायलाच हवं होतं. पण तिने मफलर गळ्यात टाकला, बाईंच्या अंगावर कोट घातला, आणि दोघी पुलाखालच्या दुकानात मेथी आणायला गेल्या. परत येताना जिन्यातच तिचं बोलणं सुरू झालं, ते मग थांबेना. ओट्यापाशी आल्यावर तिने बाईंना हलकेच बाजूला सारलं, स्टूल दाखवलं, आणि उलथनं स्वतःच्या हातात घेतलं. आई लसूण ठेचते ती सालासकट. आई झाकण ठेवत नाही, पाला काळा पडतो म्हणते. आई चव बघते ती तळहातावर घेऊन. सगळं असं, जणू आई आत्ता पलीकडच्या खोलीत आहे. बाईंना तो वर्तमानकाळ ऐकू येत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

कालवण झालं. घुमीने बाईंना वाढलं, स्वतः घेतलं नाही, समोर उभी राहिली.

बाईंनी पहिला घास घेतला. आंबट, दाट, मेथीचा कडूपणा मागून येणारा, मीठ कणभर जास्त, आणि एका ठिकाणी पिठाची गुठळी. एवढ्या आया ऐकल्या, त्यातल्या एकीच्या हातचं आज पोटात जात होतं. तेही तिच्या हातचं नव्हे, तिच्या लेकीच्या.

"आईसारखं नाही झालं," घुमी म्हणाली. "मला कळतंय वासावरूनच. नाही झालं."

बाईंनी ताट पुसून घेतलं आणि पुढे केलं. "अजून वाढ."

घुमीचा डाव हवेतच थांबला. या खोलीत ती इतकी वर्षं एकटी जेवली होती. तिच्यापुढे कुणी ताट केलंच नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा वाकडा झाला. "माझी आई गेली हो."

"हो गं बाळा," बाई म्हणाल्या. "गेली."

मग ती रडली. बाईंनी उठून तिला जवळ घेतलं. डाव तिच्या हातात तसाच होता, आणि त्यातलं कालवण बाईंच्या अजून न काढलेल्या कोटावर गळत होतं. बाईंनी ते गळू दिलं.